घोड्यांच्या झोपेचा राखणदार

लेतुकाला झोप येत नाही, हे आमच्या सगळ्या हा-रामोखेले गावाला ठाऊक आहे, आणि गावाला ते ठाऊक झालं माझ्यामुळे. त्याची गवती छपराची गोल झोपडी माझ्या घराच्या वरच्या अंगाला. पहाटे बिअरचं आंबवण ढवळायला मी उठते, तेव्हा हा दाराशी ब्लँकेट लपेटून दरीकडे बघत बसलेला असतो. खाली धबधब्याचा धूर उठत असतो, वर डोंगरांच्या नुसत्या कडा दिसत असतात, आणि मधे हा एक माणूस, कुणीतरी विसरून गेलेल्या गाठोड्यासारखा.

"काय न्ताते, चंद्राला राखण बसलात का?" मी विचारते.

"कुणी उचलून नेला तर आळ तुमच्यावर येईल, म्मे माडिनेओ. म्हणून बसतो," तो म्हणतो.

आमच्याकडे मोठ्या बाप्याला न्ताते म्हणायचं आणि मोठ्या बाईला म्मे, मग मनात त्याच्याविषयी काहीही असो. लेतुकाविषयी माझ्या मनात बरंच काही असतं. तरुणपणी तो सीमेपलीकडच्या सोन्याच्या खाणीत होता. तिथे खोल बोगद्यात, पार काळोखात, एका लोखंडी दारापाशी बसायचं काम त्याला होतं. गाडी आली की दार उघडायचं, गेली की लावायचं. डुलकी लागली तर गाडी दारावर आदळणार. इतकी वर्षं न झोपण्याचाच पगार घेतल्यावर घरी येऊन झोप कशी यावी? लग्न करायचं म्हणत होता, तेही जागता जागता राहून गेलं. अशा माणसाला गावात काम मिळालं ते झोपलेल्यांना सांभाळायचं.

हे घडलं घोड्यांच्या दवाखान्यामुळे. दवाखाना माझ्या कुंपणाला लागूनच आहे. पूर्वी ते एका व्यापाऱ्याचं लोकरीचं गोदाम होतं. व्यापारी गेला, लोकर गेली, पण दगडी भिंतींतला मेंढ्यांचा वास काही गेला नाही. पाऊस पडला की आतली औषधांची कपाटंसुद्धा मेंढीसारखी वास मारतात. एका कोपऱ्यात उन्हावर चालणारा फ्रिज आहे. त्यात लशी असतात, आणि लशींच्या मागे डॉक्टरीणबाईंचं लोणी असतं, हे मी पाहिलंय. शेगडीवर मोठं भांडं कायम उकळत असतं, त्यात चिमटे आणि सुया. मागच्या अंगणात पॉपलरच्या ओंडक्यांचा खोडा आहे, घोडा आत उभा केला की त्याला ना पुढे जाता येतं ना मागे. इतक्या घोड्यांची कूस त्याला घासून गेली आहे की लाकूड चर्चमधल्या बाकासारखं गुळगुळीत झालंय. अंगणाचं फाटक म्हणजे एका लोखंडी पलंगाची डोक्याकडची जाळी. आणि त्या फाटकापासून माझ्या कुंपणापर्यंत जो दाट, मऊ गवताचा तुकडा आहे, त्यावर कुणी जनावर चारायचं नाही असा गावच्या मुखियाचा हुकूम आहे. त्या तुकड्याला गाव 'उशी' म्हणतं.

डॉक्टरीणबाई पुसेलेत्सो खालच्या मुलखातल्या. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पायात गमबूट, डोक्यावर लोकरीची टोपी. त्या आल्या की दांडगे घोडे शहाण्यासारखे उभे राहतात आणि गावातले पुरुष पोट आत ओढून घेतात. काही कापाकापी असली की त्या घोड्याला उशीवर नेतात. मानेच्या शिरेत औषध जातं, घोडा एक मोठा उसासा टाकतो, गुडघे मऊ होतात, आणि एवढं थोरलं जनावर गवतावर असं उतरतं, जसं काही बऱ्याच दिवसांनी माहेरी आलंय.

मग लेतुका त्याच्या डोक्यापाशी बसतो. एक हात मानेवर, एक कानामागे. डोळ्यांवर ब्लँकेट. आणि ते ब्लँकेट मालकाचंच हवं, हा लेतुकाचा नियम. त्याचं म्हणणं, झोपेतून परत येताना घोड्याला वाट सापडते ती वासाने. डोळ्यांवर आपल्या माणसाचा वास असला की तो भलतीकडे जात नाही. डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीला स्वच्छ टॉवेल देऊ केला होता. लेतुकाने तो घडी करून नम्रपणे परत केला. त्या म्हणाल्या, डोळे झाकल्याशी मला मतलब, कशाने झाकता ते तुमचं तुम्ही बघा. तेव्हापासून थंडीवाऱ्यात मालक बिचारा नुसत्या शर्टावर कुडकुडत उभा, आणि घोडा त्याच्या ब्लँकेटखाली गाढ झोपलेला, असं दृश्य मला माझ्या कुंपणावरून फुकट बघायला मिळतं.

डॉक्टरीणबाई कापत असतात, लेतुका गुणगुणत असतो. त्या गुणगुणण्याला सूर नाही, शब्द तर नाहीतच. दुपारच्या वेळी भिंतीपलीकडून ते कानावर आलं की माझ्या हातातली पळी आपोआप मंद फिरायला लागते. घोड्याचे पाय झोपेतच हलायला लागतात, कुठल्या तरी कुरणात दौडत असल्यासारखे. ते सगळं लेतुका बघत असतो. आणि घोडा उठून उभा राहिला की मालक हमखास हळूच विचारतो, "न्ताते, काय पाहिलं त्याने?"

लेतुका सांगतो. दुकानदाराच्या घोड्याने मिठाचं पोतं फोडलं आणि दुकानदारालाच चाटायला लावलं. मुखियाच्या घोडीने पाहिलं की चढ आलाय आणि मुखिया तिला पाठीवर घेऊन धापा टाकत चाललाय. पाद्रीबाबांच्या घोड्याने काय पाहिलं ते लेतुकाने फक्त पाद्रीबाबांच्या कानात सांगितलं, आणि तेव्हापासून पाद्रीबाबा माझ्या घरावरून जाताना नजर समोर ठेवतात. मी एकदा त्याला म्हटलं, तुम्ही हे सगळं मनाचं सांगता. तो म्हणाला, "असेल. पण घोड्यांनी अजून तक्रार केलेली नाही."

आता गोष्ट फेफोची.

फेफो म्हणजे आमच्या भाषेत वारा. नाव ठेवणाऱ्या मोलेफीला विनोदाची हौस होती, कारण असा संथ घोडा या डोंगरात दुसरा झाला नाही. मोलेफी माझं नेहमीचं गिऱ्हाईक. माझ्या घरावर उंच काठी आहे. बिअर तयार असली की मी तिच्यावर पांढरं फडकं चढवते, संपली किंवा मी कंटाळले की उतरवते. सगळीकडे अशीच रीत आहे. माझ्या काठीला मात्र कप्पी आहे. व्यापारी गेला तेव्हा गोदामातली लोकरीच्या गाठी उचलायची जुनी कप्पी मी आणून बसवली. ती इतकी किरकिरते की निशाण उतरताना समोरच्या डोंगरावरच्या माणसालाही कळावं, आज आता पुरे.

मोलेफी आत बसला की फेफो बाहेर भिंतीला लागून चक्क बसायचा. पाय दुमडून, छातीवर, गाईसारखा. घोडं असं बसलेलं पाहून परगावची माणसं थांबून विचारायची, आजारी आहे का? मी सांगायची, नाही, नवऱ्याची वाट बघत बायका बसतात, तसा बसलाय. संध्याकाळी कप्पी किरकिरली की बाकीचे कुरकुरत उठायचे, मोलेफी काही उठायचा नाही. उठायचा तो फेफो. अंग झाडायचा, येऊन नाकाडाने माझं दार ठोठावायचा. मग मोलेफी हसत बाहेर यायचा, खोगिरावर आडवा व्हायचा, आणि दोघं धुक्यात दिसेनासे व्हायचे.

दोन हिवाळ्यांपूर्वी असेच दिसेनासे झाले. वाटेत कधीतरी मोलेफीचं काळीज थांबलं. फेफो थांबला नाही. तो त्याला तसाच पाठीवर घेऊन, तोल सांभाळत, दारापर्यंत गेला आणि माकाबेलो बाहेर येईपर्यंत उभा राहिला.

माकाबेलो ही मोलेफीची बायको. नवरा जिवंत असताना ती माझ्या घराकडे वळूनही बघायची नाही. मला ती त्याची दुसरी बायको म्हणायची, आणि पहिलीपेक्षा दुसरीकडे जास्त वेळ जातो म्हणायची. खरंच होतं ते. नवऱ्यामागे तिने वर्षभर काळा कपडा पाळला, मग तो उतरवला. मोलेफीचे कपडे रीतीप्रमाणे नातलगांत वाटले गेले. त्याचं ब्लँकेट, ते तपकिरी, मक्याच्या कणसांचं, त्याच्या मामाला गेलं. रांत्सोमामाला. ते पांघरून मामा रोज दुपारी माझ्याकडे येतो आणि भाच्याच्याच कोपऱ्यात बसतो.

फेफो माकाबेलोकडे राहिला, पण तिचा झाला नाही. पाठीवर कुणाला बसू देईना. लोकांचा मका गिरणीवर न्यायचा आणि पीठ आणून पोचवायचं, असं काम ती त्याच्या जिवावर करायची. पोती तो घ्यायचा, पण चालायचा आपल्या मर्जीने. ती पुढे दोरी ओढत, तो मागे कुठेतरी भलतीकडे बघत. लांबून वाटायचं, दोघं एकाच माणसाला शोधायला निघालेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

या वर्षी शेतं कापून झाली तेव्हा फेफोच्या पोटाखाली गाठ आली. बघता बघता वांग्याएवढी झाली. डॉक्टरीणबाईंनी दाबून पाहिली आणि सांगितलं, बर्फ पडायच्या आत काढायला हवी, नाहीतर फुटेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. घोडा म्हातारा आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. माकाबेलोने डॉक्टरीणबाईंच्या गमबुटांकडे पाहिलं. मग म्हणाली, काढा.

त्या दिवशी सकाळपासून धुकं दरीच्या तोंडाशी बसून होतं, आत येऊ का नको असं करत. लेतुकाने दाढी केली होती. मी हे सहज सांगतेय. दाढी केली होती, आणि आपलं जुनं राखी ब्लँकेट झटकून, काटेकुटे वेचून ठेवलं होतं. ब्लँकेट तर मालकाचं लागतं ना, मग याने आपलं का झटकलं, असा प्रश्न मला पडला. मी तो विचारलाही, कुंपणावरून. त्याने तो ऐकलाच नाही.

फेफोला उशीवर आणल्यावर त्याने माकाबेलोला विचारलं, ब्लँकेट कुणाचं?

"माझं घ्या."

"तो तुम्हाला ओळखतो का, म्मे?"

"ओळखतो," ती म्हणाली. "ऐकत नाही."

आता मोलेफीचं ब्लँकेट माझ्याच घरात, मामाच्या खांद्यावर बसलेलं. फर्लांगभरसुद्धा अंतर नाही. निरोप गेला. मामाने हातातला बिअरचा मग खाली ठेवला आणि जाहीर केलं की मेलेल्या माणसाचं वाटलेलं ब्लँकेट त्याच्या घरच्यांकडे परत जात नसतं. गेलं तर मरण त्याच वाटेने परत येतं. मामाचं चुकत नव्हतं, रीत तशीच आहे. पण रीत सांगताना त्याने ब्लँकेट गळ्याशी इतकं घट्ट धरलं होतं की त्याला थंडीची भीती जास्त होती का मरणाची, ते सांगता येईना. शेवटी लेतुकाने आपलं राखी ब्लँकेट फेफोच्या डोळ्यांवर घातलं. मालकाचं नसलेलं ब्लँकेट उशीवर आलं ते तेव्हाच.

गाठ छान निघाली. डॉक्टरीणबाईंचा हात असा चालला की बघणाऱ्याला शिवणाची आठवण व्हावी. गाठ पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यात पडली, टाके पडले, घोड्याच्या अंगावरचं रक्त पुसून झालं. लेतुका गुणगुणत होता. माकाबेलो दोरी हातात धरून गवतावर बसली होती. आणि कुंपणाच्या या बाजूला गर्दी जमली होती, कारण गावात दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं. उभ्या माणसाला तहान लागतेच. माझ्याकडे एवढी विक्री गेल्या लग्नसराईनंतर झाली नव्हती. मी बिअरचे मग भरत होते, पोरीबाळी ते पोचवत होत्या, वर निशाण फडफडत होतं.

फेफोने डोकं हलवलं. मग एक हेलकावा घेऊन तो कुशीवरून छातीवर आला, पाय दुमडून बसला. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. आता पुढचे पाय ताणेल आणि उठेल.

तो उठला नाही.

डॉक्टरीणबाईंनी थोडा वेळ जाऊ दिला. मग थोपटलं. मग चार बाप्यांनी शेपटीकडून उचलून पाहिलं. नाल ठोकणाऱ्या सेकेतेने मक्याची बादली खडखडवली. कुणी शीळ घातली, कुणी शिव्या घातल्या. फेफो आपला ब्लँकेट डोळ्यांवर घेऊन बसलेला, दाढीवाल्या म्हाताऱ्यासारखा शांत. डॉक्टरीणबाईंनी काळीज ऐकलं, हिरड्या पाहिल्या, पायांना चिमटे काढले. पाय आखडून घेत होता, म्हणजे पायांत जीव होता.

"सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि तेच त्यांना आवडलेलं दिसलं नाही. एवढं वजन पायांवर घेऊन बसून राहिला तर पायच मरतात, हे त्यांनी माकाबेलोला समजावलं. अंधार पडला, गारठा उतरला, तर मग उठायची ताकदच राहणार नाही. उजेड आहे तोवर उठायला हवा.

माकाबेलो रडली नाही. तिने दोरी बोटांना गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "त्या दिवशी यानेच त्यांना घरी आणलं," ती म्हणाली. "पडू नाही दिलं. आणि मला याला घरी नेता येऊ नये?"

हे ऐकून माझ्या हातातला मग काही क्षण रिकामाच राहिला.

आता सगळ्यांना मामाची आठवण झाली. या वेळी निरोप गेला नाही, माणसंच गेली आणि मामाला दोन्ही काखांत धरून घेऊन आली. मामाने वाटेतच पुन्हा रीत सांगायला घेतली, हे ब्लँकेट त्या घरी परत जाणार नाही. डॉक्टरीणबाईंनी हात धुता धुता विचारलं, "इथे घर कुठाय, न्ताते? हा दवाखाना आहे." मामाने चौफेर पाहिलं. खोडा, बादल्या, पलंगाचं फाटक. घर नव्हतं, हे त्याला मान्य करावं लागलं. लोक हसले, आणि मामा, ब्लँकेट न सोडता, अख्खाच्या अख्खा फेफोच्या नाकापाशी जाऊन बसला.

फेफोने नाकपुड्या फुगवल्या. त्या कणसांच्या नक्षीवरून वर गेला, खाली आला. आम्ही सगळे श्वास धरून. आणि तो शिंकला. मामाच्या तोंडावर.

"ईस्टरला धुतलं हो मामीने," मामा तोंड पुसत म्हणाला. "निळ्या साबणाने."

मोलेफीचा शेवटचा वास निळ्या साबणाच्या पाण्याबरोबर ओढ्यात गेला होता, हे आम्हाला ईस्टरनंतर इतक्या दिवसांनी त्या गवतावर उभं राहून कळलं. धुक्यानेही तीच वेळ साधली. फाटकातून आत आलं, खोडा गिळला, बादल्या गिळल्या. माझी काठी अर्धी दिसेनाशी झाली, वर निशाणाची नुसती फडफड ऐकू येत होती. माणसांच्या जागी ब्लँकेटांचे आकार उरले. त्या पांढरेपणात फेफोचा श्वास तेवढा येत होता, जात होता, आणि त्यात मिसळलेलं लेतुकाचं गुणगुणणं, जे आता थांबलं की लक्षात यावं इतकं बारीक झालं होतं.

मला गप्प बसवत नाही, हा माझा स्वभाव. मी बिअरचा मग हातात घेऊन कुंपणावरून विचारलं, "काय स्वप्न बघतोय तो, न्ताते?"

गुणगुणणं थांबलं. लेतुकाने कान फेफोच्या मानेला लावला.

"स्वप्न नाही, म्मे," तो म्हणाला. "जागा आहे हा. मला जागं बसणं कळतं." मग कान तसाच ठेवून, "हा वाट बघतोय. असा बसलेला मी याला रोज संध्याकाळी बघायचो, वरून, माझ्या दारातून."

एवढं बोलून तो माझ्याकडे बघत राहिला. पुढचं माझ्यासाठी ठेवलं होतं त्याने. मी माझ्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीखालच्या त्या जागेकडे, जिथे आता दोन वर्षांचं गवत उगवलं होतं. आणि मग वर, जिथून फडफड ऐकू येत होती. एरवी मी या वेळेपर्यंत निशाण उतरवलेलं असतं. आज गिऱ्हाईक होतं म्हणून उतरवलं नव्हतं. तो घोडा शहाण्यासारखा, सवयीने, माझं दुकान बंद व्हायची वाट बघत बसला होता. आणि मी एकेक मग भरत होते.

पिंपात अजून बिअर होती, हे सांगायला हवं. पुरुष रांगेत होते. मी काठीपाशी गेले तेव्हा एकाने विचारलंदेखील, म्मे, आत्ताशी तर सुरुवात. मी म्हटलं, तुमची सुरुवात मी लग्नाआधीपासून बघतेय, घरी जा.

दोरी सोडली. कप्पी किरकिरली.

असा आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता, असं वाटलं. रोज ऐकते. पण त्या दिवशी धुक्यात तो लांबच लांब गेला, जुनं दार सावकाश उघडावं तसा. फेफोचे कान ब्लँकेटखालून वर आले. मी दोरी ओढत राहिले. त्याने एक पुढचा पाय ताणला, मग दुसरा. उठला, कलंडला, बसला. डॉक्टरीणबाईंनी धावत जाऊन शेपटी धरली, लेतुकाने डोकं. कुणी ओरडलं नाही. फडकं माझ्या हातात आलं आणि फेफो उभा राहिला, चारी पाय फाकवून, थरथरत, लेतुकाचं ब्लँकेट एका कानावर लटकलेलं.

मग त्याने अंग झाडलं. कुंपणाला जिथे खिंडार आहे तिथून, डॉक्टरीणबाई शेपटीला आणि लेतुका मानेला धरून, असा तो झुलत झुलत माझ्या अंगणात आला, आणि येऊन नाकाडाने माझं दार ठोठावलं.

दार बंद होतं. आत कुणी नव्हतं. सगळी गिऱ्हाईकं बाहेर, धुक्यात, मग हातात घेऊन उभी. फेफोने पुन्हा ठोठावलं. रांत्सोमामाने मान खाली घातली. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं त्या दारातून कोण बाहेर यायला हवं, आणि ते येणार नाही हे त्या घोड्याला सांगणार कोण?

माकाबेलो उठली. दोरी तिने लेतुकाच्या हातात दिली आणि माझ्या घराला वळसा घालून मागच्या दाराकडे गेली. मी तिच्या मागोमाग धावले. आत चुलीचा थोडा उजेड होता. माझ्या घरात ती पहिल्यांदाच पाय ठेवत होती. पिंप पाहिलं तिने, मगांची रांग पाहिली, बाकं पाहिली.

"कुठे बसायचे?"

मी कोपरा दाखवला. ती जाऊन बसली. भिंतीला जिथे मोलेफीची पाठ टेकायची तिथे मातीचा लेप घासून काळपट झालाय, तिथे तिने पाठ टेकली. डोळे मिटले. बाहेर फेफोने तिसऱ्यांदा ठोठावलं. मी मागे पिंपाला धरून उभी होते आणि आयुष्यात एकदा तरी तोंड बंद ठेवत होते.

मग ती उठली, पुढचं दार उघडलं आणि जशी त्यातून रोजच बाहेर येत असावी तशी बाहेर आली.

"चल," ती म्हणाली. "उशीर झाला."

फेफोने तिचा खांदा हुंगला. खांद्यावर माझ्या घराचा धूर होता, बिअर होती, भिंतीची माती होती. तो वळला. ती पुढे निघाली, दोरी न धरता, आणि तो तिच्या मागे, नाक तिच्या पाठीला लागेल इतका जवळ. डॉक्टरीणबाई थोडं अंतर ठेवून सोबत गेल्या, सकाळी येऊन टाके बघते म्हणत. धुक्याने त्या सगळ्यांना एकेक करून आत घेतलं. खुरांचा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला, आणि तो सरळ चालला होता.

कुणीतरी हळूच विचारलं, निशाण पुन्हा चढवणार का? मी नाही म्हटलं.

लेतुकाचं राखी ब्लँकेट फेफोच्या कानावरच गेलं. ते परत आलं तेव्हा पीचच्या झाडांना फुलं आली होती. धुऊन, घडी करून, माकाबेलोने स्वतः आणून दिलं, आणि त्याच्या दाराशी बसून तिने चहा घेतला, एवढंच मी सांगते. साबण कुठल्या रंगाचा होता ते मी लेतुकाला विचारलं होतं, तर म्हणाला, साबणाचा वास नाही त्याला. हिवाळाभर मात्र बिचारा दवाखान्यातल्या पोत्यावर भागवत होता.

पण दुसऱ्या दिवसाची पहाट सांगायची राहिली. मी आंबवण ढवळायला उठले आणि सवयीने वर पाहिलं. दाराशी कुणी नव्हतं. ब्लँकेट नाही, एवढा गारठा, माणूस गेला की काय! मी तशीच पळी घेऊन वर गेले आणि झापातून डोकावले. लेतुका पोत्याखाली गुडघे पोटाशी घेऊन झोपला होता. साधंसुधं नाही, तोंड उघडं टाकून, घोरत. मधूनच त्याचे पाय हलत होते, कुठल्या तरी कुरणात गेल्यासारखे.

त्याने काय पाहिलं असेल, ते सांगायला तिथे कुणी नव्हतं. मी दाराशी बसले. खाली धबधब्याचा धूर उठत होता, डोंगरांच्या कडा हळूहळू उजळत होत्या, आणि माझं आंबवण चुलीवर करपत होतं. तेवढ्यात माझा कोंबडा कुंपणावर चढला आणि आरवायला त्याने मान ताणली. मी त्याला पळी फेकून मारली.